बोटीच्या इंजिनासाठी पंगत

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात पेट्रोल संपलेलं, दुधाच्या गाड्या अडकलेल्या. शुक्रवार पेठेत आमच्या तालमीच्या दारात एक टेबल टाकलं होतं आणि घराघरांतनं चपात्या येत होत्या. दहाची चवड, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरनं दोरा. मी मोजून खोक्यात भरत होतो. एका काकूंच्या प्रत्येक चवडीत अकरा निघायला लागल्या. मी म्हटलं, काकू, मोजायला चुकलंय. त्या म्हणाल्या, "चुकलं नाही बाळा, एक नेणाऱ्यानं खायची."

नेणारी पोरं जामदार क्लबच्या पुढं, जिथं रस्ता संपून नदी सुरू झाली होती, तिथं उभी होती. रबरी बोट, मागं इंजिन. आणि ते इंजिन सुरू होत नव्हतं. दोरी ओढून ओढून दोघांचे तळहात सोलले. प्लग काळा पडलेला, टाकीत गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल तसंच राहिलेलं. वर्षभरात सर्व्हिसिंग झालं नव्हतं, कारण सर्व्हिसिंगला पैसे नव्हते. शेवटी वल्ही मारत बोट नेली. चपात्या तासाभरात गोळा झाल्या होत्या. त्या पलीकडं पोचायला दुपार उलटली.

ते दृश्य माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. ज्या गावाला तासाभरात पोतंभर चपात्या जमवता येतात, त्या गावाला मे महिन्यात एका इंजिनाच्या सर्व्हिसिंगचे पैसे का जमवता येत नाहीत? मन नाही म्हणून, असं कुणी म्हणणार नाही. पूर आला की कोल्हापूर काय करतं ते २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन पुरांत महाराष्ट्रानं बघितलं आहे. पण आपलं देणं पाण्याबरोबर चढतं आणि पाण्याबरोबर उतरतं. संकटात अन्न देणं आपल्याला सुचतं, कारण भूक डोळ्यांना दिसते. प्लग, दोरखंड, लाइफ जॅकेटचा तुटलेला पट्टा कुणाला दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेनं वर्षातली एक पंगत, मिरगाच्या आत, आपल्या भागात राबणाऱ्या स्वयंसेवी पथकासाठी घालावी. बोटीचं पथक असेल, रुग्णवाहिका चालवणारी मंडळी असतील, साप पकडणारी पोरं असतील, बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार करणारे असतील. कूपन छापावं, पैसे घ्यावेत आणि ते पैसे फक्त चालू खर्चाला वापरावेत. भांडी आपल्याकडं आहेत, आचारी ओळखीचे आहेत, पाचशे पानं वाढायचा सराव तर प्रत्येक मंडळाला गणपतीच्या आणि हनुमान जयंतीच्या महाप्रसादानं दिलाच आहे. नवीन काही शिकायचं नाही.

हे पहिल्यांदा तालमीत बोललो तेव्हा आमचे आण्णा तडकले. "जेवणाचं तिकीट काढणार? खानावळ घातलीस काय?" वयानं ऐंशीच्या पुढं गेलेला माणूस आहे, त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. दारात आलेल्याला पाण्यासोबत गुळाचा खडा देणाऱ्या घरात ते वाढले. अन्नाला किंमत लावायची नसते, हा त्यांच्या हाडात मुरलेला संस्कार आहे आणि मला तो मोडायचा नाही. महाप्रसाद फुकटच राहिला पाहिजे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गायमुखावर चालणारं अन्नछत्र फुकटच राहिलं पाहिजे. तिथं जेवणारा देवाचा पाहुणा असतो.

पण ही पंगत त्या जातीची नाही. इथं जेवणारा पाहुणा नाही, भागीदार आहे. आणि असं भागीदारीचं देणं कोल्हापूरला नवं आहे असंही नाही. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात. महापालिका ते करते हे खरं, पण चितेला लागणाऱ्या शेणीत, म्हणजे गोवऱ्यांत, गावाचाही वाटा असतो. होळी आली की कितीतरी मंडळं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी गाडीत भरून स्मशानभूमीत नेऊन देतात. कुणाच्या चितेला लागणार हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. सणातला एक भाग काढून तो एका रोजच्या, कुणाला बघवत नाही अशा खर्चाकडं वळवायचा, हे आपण आधीपासून करतो. मी त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल सांगतोय.

आण्णांच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मी घेतला आणि त्यावरनं माझी सगळी मांडणी बदलली. कूपन दारोदार जाऊन आधी विकायचं, पण पंगतीच्या दारात ते कुणाकडं मागायचं नाही. पेठेत ज्याला दीडशे रुपये परवडत नाहीत असं घर असतं. त्या घरातला माणूस पंगतीला यायलाच हवा, आणि आल्यावर त्याच्या हाताकडं कुणी बघता कामा नये. कूपन फाडणारा, शिक्का मारणारा, यादीवर खूण करणारा माणूस दारात बसवला की ती पंगत मेली. यात दहा-वीस जण फुकट जेवतील. जेवू देत. पाचशेत वीस माणसं जास्तीची जेवली म्हणून भाताची डेग काही कमी पडत नाही.

कुणी कुणाशेजारी बसून खायचं हा या गावात शंभर वर्षांपूर्वीच सार्वजनिक प्रश्न झालेला आहे. गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. 'सत्यसुधारक' हे त्याचं नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक धजत नाहीत हे दिसल्यावर महाराज स्वतः तिथं थांबून चहा घ्यायला लागले, बरोबरच्यांनाही पाजायला लागले. फर्मान काढून जे झालं नसतं ते एका कपानं झालं. त्या गावात पथकासाठी पंगत घालायची तर ती एकच हवी. पाहुण्यांसाठी वेगळं टेबल नको, खुर्च्यांची वेगळी रांग नको. जेवण शाकाहारी हवं. मला स्वतःला तांबडा-पांढरा प्राणाहून प्रिय आहे, आणि मटण म्हटलं की कूपनं दोन दिवसांत संपतील हेही कळतं. पण मटणाच्या पंगतीत निम्मी पेठ बसत नाही, आणि पैसाही उरत नाही. आख्खा मसूर, भाकरी, खर्डा, भात-आमटी, गुळाचा शिरा. यात कुणाचं अडत नाही.

आता हिशेबाकडं. परवा एका तरुण मित्रानं विचारलं, एवढा खटाटोप कशाला, क्यूआर कोड फिरव, ज्याला द्यायचं तो देईल. त्याचा मुद्दा खोटा नाही. पाचशे पानं आणि दीडशे रुपये कूपन धरा, पंचाहत्तर हजार जमले. पानामागं सत्तर-ऐंशी रुपये खर्च धरला तर निम्मी रक्कम जेवणातच गेली. हातात राहिले पस्तीस-चाळीस हजार. तेच पंचाहत्तर हजार थेट मागितले असते तर सगळे राहिले असते. पण थेट मागून पंचाहत्तर हजार येतात का? पूर चालू असताना येतात. मे महिन्यात, रणरणत्या उन्हात, बोट भिंतीला टेकून उभी असताना येत नाहीत. आमच्या ग्रुपवर तो कोड फिरवून बघितलाय. लोकांनी हात जोडलेल्या खुणा भरपूर टाकल्या.

आणि पस्तीस-चाळीस हजारांत काय होतं ते नीट बघावं. इंजिनाचं सर्व्हिसिंग होतं, नवे प्लग, दोरखंड, टॉर्च, जुन्या लाइफ जॅकेटांच्या जागी थोडी नवी. लाइफ जॅकेट म्हटलं की माझ्यासमोर ब्रह्मनाळ येतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, आपल्यापासनं फार लांब नाही, बचावाला निघालेली बोट उलटली. बायका-पोरांसह डझनाहून जास्त जीव गेले. बोटीत माणसं मावत नव्हती तेवढी बसली होती. पाणी चढत असताना मागं राहायला कोण तयार होणार? अशा घडीला दुसरी बोट चालू असणं आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट असणं, याच्यापुढं बाकी सगळी चर्चा लहान आहे.

या पंगतीतनं नवी बोट येणार नाही. इंजिनासकट बोट म्हणजे लाखांची गोष्ट. अमेरिकेतल्या गावांचा अनुभव इथं उपयोगी पडतो. १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं फिलाडेल्फियात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची कंपनी काढली, आणि आजही तिथल्या आग विझवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं बिनपगारी स्वयंसेवक आहेत. लहान गावांतली ही पथकं आपल्याच फायर स्टेशनच्या हॉलमध्ये गावजेवण घालून पैसे उभे करतात. कुठं सकाळी पॅनकेक, कुठं शुक्रवारी तळलेले मासे. गाव येतं, रांगेत उभं राहतं, पैसे देऊन जेवतं. पण बंबाची गाडी आता इतकी महाग झाली आहे की कितीही पॅनकेक विकले तरी ती येत नाही, ही तिथलीही तक्रार आहे. जेवणानं गाडी येत नाही, गाडी चालू राहते. गाडीसाठी सरकारकडं भांडावं लागतं.

म्हणूनच 'हे सरकारचं काम आहे' हा आक्षेप मला अर्धाच पटतो. बोट द्यावी, प्रशिक्षण द्यावं, हे सरकारचं कामच आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे. केंद्राच्या आपदा मित्र योजनेतनं पोरांना प्रशिक्षण मिळतं, किट मिळतं, चांगलं आहे. एनडीआरएफचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद दलाचा, तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, हल्ली पावसाळ्यात तुकडी आधीच कोल्हापुरात येऊन थांबते, तेही चांगलं आहे. पण २०१९ ला हायवे बंद झाला तेव्हा पहिल्या तासांत सुतारवाड्यातल्या म्हाताऱ्यांना उचलून चित्रदुर्ग मठात कुणी नेलं? शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी. प्लग कधी बदलायचा हे ठरवायला त्या पोरांना कुठल्या कचेरीत फाइल घेऊन थांबावं लागू नये, एवढीच माझी मागणी आहे.

पैशापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे आणि ते मला चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांशी बोलून कळलं. पुरात सगळ्यात अवघड काम बोट चालवणं नसतं, माणसाला बोटीत बसायला लावणं असतं. २०१९ ला कितीतरी घरं वेळेत निघाली नाहीत, कारण २००५ चं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते त्यांना पाठ होतं. "याच्या पुढं येत नाही," म्हणत लोक बसून राहिले आणि पाणी त्या पायरीच्या पुढं गेलं. कुणी गोठ्यातली म्हैस सोडून यायला तयार नव्हतं. अशा वेळी हेल्मेट घातलेला अनोळखी जवान कितीही तळमळीनं सांगो, म्हातारी उंबरा सोडत नाही. पण ज्या पोरानं मे महिन्यात तिच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला, "आजी, अजून थोडा घ्या" म्हणून आग्रह केला, त्यानं हात पुढं केला तर ती उठते. ही ओळख क्यूआर कोडनं होत नाही.

कूपन विकायला पोरं दारोदार जातील तेव्हाच दुसरं काम होऊन जाईल. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला आठवड्याला डायलिसिसला न्यावं लागतं, कुठल्या जिन्यावरनं स्ट्रेचर वळत नाही, कुणाची मुलं परगावी आहेत आणि घरात दोघंच आहेत. पावसाळ्याआधी ही माहिती पथकाच्या वहीत असणं म्हणजे निम्मा बचाव. नुसतं माहिती गोळा करायला गेलं तर लोक दार अर्धं उघडतात. पंगतीचं आमंत्रण घेऊन गेलं तर आत बोलावतात, चहा करतात.

दोन-तीन गोष्टींत ढिलाई चालणार नाही. पहिली, पुढारी. पंगत ठरली की कुणीतरी येणारच आणि म्हणणारच, "पोरांनो, अख्खा खर्च माझ्याकडं लागला." मोह मोठा असतो. तरी नाही म्हणायचं. एका माणसानं पाचशे पानं घातली की पथक त्याचं होतं, पाचशे घरांचं राहत नाही, आणि उद्या बोट आधी कुठल्या गल्लीत न्यायची याचा फोन येतो. एका घराला दहापेक्षा जास्त कूपनं नाहीत, फ्लेक्सवर कुणाचाही चेहरा नाही. ज्याला जास्त द्यायचंय त्यानं नोंदणीकृत संस्थेची पावती घेऊन वेगळं द्यावं. संस्था नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणं धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी. गणेश मंडळांना हा कागद माहीत आहे. जमाखर्च पुढच्या सोमवारी तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला दिसला पाहिजे, पेट्रोलच्या लिटरासकट.

दुसरी, स्वच्छता. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच शिरोळ तालुक्यात, शिवनाकवाडीत, यात्रेच्या महाप्रसादानंतर शेकडो लोकांना विषबाधा झाली. अशी एक घटना आपल्या पंगतीत घडली तर पथकाचं नाव कायमचं जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे मदतीला धावणाऱ्यांनीच माणसं आजारी पाडली असं होईल. अन्न व औषध प्रशासनाकडं नोंदणी करावी. मे महिन्यात दुधाची खीर, खवा, ताक यांच्या वाटेला जाऊ नये. रात्री शिजवून दुपारी वाढायचं नाही, पहाटे चूल पेटवायची. पाणी टँकरचं असेल तर तपासून घ्यायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. पाचशे माणसांच्या भाकऱ्या कोण थापणार? हा प्रश्न बैठकीत निघतच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पहाटे तीनपासनं चुलीपुढं पेठेतल्या बायका बसणार आणि पंगतीत हार पथकातल्या पोरांना पडणार. हे मला मान्य नाही. भाकरी बचत गटाकडनं बाजारभावानं विकत घ्यावी, आचाऱ्याला त्याची पूर्ण मजुरी द्यावी, आणि हा खर्च पानामागच्या खर्चात धरावा. त्यानं उरणारी रक्कम चार-पाच हजारांनी कमी होईल. होऊ दे. भांडी घासायला पथकातली पोरं आणि आम्ही पुरुष मंडळी बसायचं. आणि पथकात मुली घ्यायच्या, फक्त वाढायला नाही, बोटीवर. पुरात अडकलेली बाळंतीण पुरुषाच्या हाताला धरून उतरायला लाजते, हे ज्यानं एकदा बघितलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या पेठेत मे महिन्यातला दुसरा रविवार ठरतोय. कूपनांचा पहिला गठ्ठा छापून आला तेव्हा मी तो घेऊन आधी आण्णांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून कूपन दोन्ही बाजूंनी वाचलं. दारात कूपन मागणार नाही ना, हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग सदऱ्याच्या खिशातनं तीनशे रुपये काढले आणि दोन घेतली. मी म्हटलं, आण्णा, तुम्ही तर एकटेच. त्यांनी एक कूपन खिशात ठेवलं आणि दुसरं माझ्याकडून पेन मागून घेऊन मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहायला लागले. हात कापत होता, वेळ लागला. त्यांच्यासोबत तालमीत खेळलेला एक मित्र मागच्या वाड्यात राहतो, त्याचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, "दुसरा मजला. जिना अरुंद. उचलून आणावं लागेल."